पेज घेतलं कुणी, सोडायचं कुणी? लिनक्सच्या स्टोरेज कोडमध्ये पेज रेफरन्स सांभाळताना

पेज म्हणजे मेमरीचा एक तुकडा (सहसा ४ केबी), आणि त्याचा रेफरन्स म्हणजे ‘मी वापरतोय, सोडू नका’ अशी नोंद. स्टोरेज ड्रायव्हरमधला पेज रेफरन्सचा बग तीन तऱ्हांनी वर येतो. पहिल्या तऱ्हेत मशीन चांगलं चालत असतं, पण मेमरी हळूहळू आटत जाते आणि ती कुणी धरून ठेवली आहे ते कळत नाही. दुसरीत लॉगमध्ये भलत्याच प्रोसेसच्या नावाने ‘बॅड पेज स्टेट’ अशी ओळ उमटते आणि तिच्याखालच्या स्टॅक ट्रेसमध्ये तुमच्या कोडचा मागमूसही नसतो. तिसरी तऱ्हा सगळ्यात वाईट : काउंट, म्हणजे रेफरन्सची मोजणी, अगदी बरोबर असतो, कुठलीही वॉर्निंग येत नाही, आणि डिस्कवरचा डेटा मात्र चुकलेला असतो.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच पोरं आता गावात बसून लांबच्या कंपन्यांसाठी स्टोरेजचं काम करतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. सी भाषा येते, एखादं कर्नल मॉड्यूल लिहून झालंय, बायो (ब्लॉक डिव्हाइसला दिलेली आयओची मागणी) म्हणजे काय हे ऐकून माहीत आहे, एवढं मी धरून चालतो. कर्नलमधली फंक्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. अंडरस्कोअर जिथल्या तिथे ठेवले आहेत, त्यामुळे सोर्समध्ये शोधायला अडचण येणार नाही.

आधी मशीन तयार करा

रोजच्या लॅपटॉपच्या कर्नलवर हे प्रयोग करू नका. क्यूईएमयूमध्ये एक व्हर्च्युअल मशीन उभं करा आणि त्याला फाइलच्या इमेजवरची व्हर्टआयओ डिस्क द्या. त्याच्या आत ‘नल_ब्लॉक’ आणि ‘एससीएसआय_डीबग’ ही खोट्या डिस्क बनवणारी दोन मॉड्यूल्स ठेवली की खऱ्या हार्डवेअरची गरज पडत नाही. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना पूर्ण डिस्ट्रिब्युशनचं कॉन्फिग कंपाइल करायला लावलं तर लॅपटॉप तापून मंदावतो आणि मधेच लाइट गेली की मुसळ केरात. म्हणून व्हर्च्युअल मशीनपुरतं किमान कॉन्फिग घ्या. पहिलं कंपाइल लावून कळण्याची भाकरी खाऊन या. पुढची कंपाइल बदललेल्या फाइलपुरतीच होतात.

कॉन्फिगमध्ये डीबग_व्हीएम, पेज_ओनर, डीबग_पेज_रेफ, केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) आणि जीयूपी_टेस्ट चालू करा. पेज_ओनर नुसतं कंपाइल करून भागत नाही, बूटच्या ओळीत ‘पेज_ओनर=ऑन’ लिहावं लागतं. हे बरेच जण विसरतात आणि मग डीबगएफएसमध्ये फाइल का दिसत नाही म्हणून डोकं खाजवत बसतात.

काउंट कशाची हमी देतो

प्रत्येक पेजच्या स्ट्रक्चरमध्ये दोन मोजण्या असतात. ‘मॅपकाउंट’ म्हणजे किती पेज टेबलांमधून हे पेज दिसतं. ‘रेफकाउंट’ म्हणजे हे पेज परत अॅलोकेटरकडे जाऊ नये असं किती जणांनी सांगून ठेवलंय. आपलं काम दुसऱ्याशी. ‘अॅलोक_पेज’ने मिळालेलं पेज रेफकाउंट १ घेऊनच येतं. ‘गेट_पेज’ तो एकाने वाढवतं, ‘पुट_पेज’ एकाने कमी करतं, आणि शून्य झाला की पेज मोकळं होतं. ५.१६ पासून, म्हणजे २०२२ च्या सुरुवातीपासून, फोलिओ आले. एक किंवा अनेक सलग पेजेसचा मिळून एक फोलिओ आणि त्याचा काउंट एकच. नव्या कोडमध्ये ‘फोलिओ_गेट’ आणि ‘फोलिओ_पुट’ वापरा. कंपाउंड पेजच्या शेपटीच्या पेजवर ‘पुट_पेज’ केलं तरी आतून काउंट डोक्याच्या पेजचाच कमी होतो, म्हणून ‘माझ्या पेजचा काउंट’ असं मनात धरून हिशेब मांडला की गणित हमखास चुकतं.

आता लेखातलं मुख्य वाक्य. काउंट फक्त एवढंच सांगतो की हे पेज तुमच्या हातून निसटून दुसऱ्याला दिलं जाणार नाही. त्यातला मजकूर बदलणार नाही, ते अजून त्याच फाइलचं आहे, त्या प्रोसेसला तेच पेज दिसतंय, यातलं काहीही तो सांगत नाही. खाली येणाऱ्या प्रत्येक पायरीत हाच फरक वेगवेगळ्या रूपात भेटेल.

पायरी १ : पेज आलं कुठून ते शोधा

कोडची एकही ओळ लिहिण्याआधी हे कागदावर लिहून काढा. स्टोरेजच्या वाटेवर पेज साधारण चार ठिकाणांहून येतं.

तुम्ही स्वतः अॅलोकेट केलेलं. हे सोपं. सुरुवातीचा १ तुमचाच, आयओ संपेपर्यंत तो सोडायचा नाही, संपल्यावर सोडायचा. वेगळा ‘गेट’ करायची गरज नाही.

पेज कॅशमधलं, म्हणजे कर्नल फाइलचा मजकूर मेमरीत ठेवतं तिथलं. इथे नवखे लोक विनाकारण जास्तीचे रेफरन्स घेत सुटतात. वाचताना फोलिओ लॉक असतो आणि वाचन संपेपर्यंत लॉकच राहतो, आणि लॉक असलेला फोलिओ पेज कॅशमधून काढता येत नाही. लिहिताना ‘राइटबॅक’चा (डिस्कवर लिहिणं चालू असल्याचा) फ्लॅग लागलेला असतो, तो उतरेपर्यंत ट्रंकेट (फाइल आखूड) करणाऱ्यालाही थांबावं लागतं आणि रिक्लेमलाही, म्हणजे मेमरी परत मिळवणाऱ्या कोडलाही. म्हणजे लॉक किंवा फ्लॅग हाच राखणदार, आणि पेज कॅशचा स्वतःचा रेफरन्स तर आहेच. फाइलसिस्टिमने बायोमध्ये घातलेल्या पेजवर ब्लॉक ड्रायव्हरने स्वतःचा ‘गेट’ लावणं हे सावधपणाचं लक्षण नाही. मला तरी ते कोड न वाचल्याचं लक्षण वाटतं. ‘फोलिओ_एंड_राइटबॅक’ झाल्यावर मात्र हा राखणदार जातो. त्यानंतर फोलिओला हात लावायचा असेल तर रेफरन्स त्याआधीच घेतलेला हवा.

युजरच्या प्रोसेसचं पेज, म्हणजे ओ_डायरेक्ट (पेज कॅश टाळणारा डायरेक्ट आयओ) किंवा आयओ_युरिंगमधून आलेला बफर. यासाठी पिन, म्हणजे ‘आतल्या डेटाला हात लागणार आहे’ असं सांगणारा खास रेफरन्स. पुढची अख्खी पायरी त्याचीच.

चौथं म्हणजे ‘केमॅलोक’चा बफर. पत्त्यावरून ‘व्हर्ट_टू_पेज’ केलं की पेज मिळतं खरं, पण ते स्लॅबचं, म्हणजे कर्नलच्या छोट्या वस्तूंना वाटून दिलेलं. स्लॅबमधल्या वस्तूचं आयुष्य पेजच्या काउंटवर ठरत नाही. तुम्ही ‘गेट_पेज’ करून बसाल आणि ‘केफ्री’ झाल्यावर तीच जागा दुसऱ्याच वस्तूला मिळालेली असेल. इथे सांभाळायची ती वस्तू, पेजचा विचारच करायचा नाही.

हे चार प्रकार एकाच फंक्शनमध्ये येऊन मिसळतात ते ‘आयओव्ही_इटर’मुळे. इटरेटर युजरच्या बफरवर असू शकतो, बायोव्हेकवर असू शकतो, कर्नलच्या बफरवर असू शकतो. पूर्वी ‘आयओव्ही_इटर_गेट_पेजेस’ सरसकट साधा रेफरन्स घ्यायचं. २०२३ मध्ये ‘आयओव्ही_इटर_एक्स्ट्रॅक्ट_पेजेस’ आलं आणि नियम स्वच्छ झाला : युजरचा इटरेटर असेल तर पिन, कर्नलचा असेल तर काहीच नाही. न पिन, न रेफरन्स. ज्याने इटरेटर दिला त्यानेच पेज जिवंत ठेवायचं. तुम्हाला सोडायचं आहे की नाही हे ‘आयओव्ही_इटर_एक्स्ट्रॅक्ट_विल_पिन’ला विचारा, आणि उत्तर काढतानाच साठवून ठेवा. आयओ पूर्ण होईपर्यंत तो इटरेटर हाताशी नसतो.

पायरी २ : युजरचं पेज असेल तर पिन

‘गेट_युजर_पेजेस’ आणि ‘पिन_युजर_पेजेस’ वरून सारखीच दिसतात. फरक हेतूचा आहे. फक्त पेजच्या स्ट्रक्चरशी काम असेल तर पहिलं चालतं. पेजच्या आतल्या डेटाला हात लागणार असेल, मग तो सीपीयूचा असो की डीएमएचा (डिव्हाइस स्वतःच थेट मेमरीत लिहितं-वाचतं तो), तर दुसरंच. पिनचा एपीआय ५.६ मध्ये, २०२० साली आला.

छोट्या फोलिओवर पिन म्हणजे रेफकाउंटमध्ये एकदम १०२४ ची भर. मोठ्या फोलिओला ‘पिनकाउंट’ नावाचा वेगळा आकडा असतो. एक उदाहरण अंकांत बघू. एका प्रोसेसचं साधं अॅनॉनिमस (कुठल्याही फाइलचं नसलेलं) पेज आहे, एकाच ठिकाणी मॅप झालेलं, म्हणून काउंट १. पिन केलं, १०२५ झाला. आयओ संपला आणि तुम्ही सवयीने ‘पुट_पेज’ केलं, १०२४ झाला. प्रोसेस संपली, १०२३. हे पेज आता मशीन बंद होईपर्यंत कुणाचंच नाही आणि मोकळंही होणार नाही. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेली पहिली तऱ्हा ती हीच. उलट बाजूने, ‘गेट’ने घेतलं आणि ‘अनपिन_युजर_पेज’ने सोडलं तर २ मधून १०२४ गेले, काउंट ऋण १०२२. तिथून पुढे काय होईल ते मशीनच्या मर्जीवर.

म्हणून नियम एकच : ज्या दाराने घेतलं त्याच दाराने सोडायचं. गेटला पुट, पिनला अनपिन.

‘फोलिओ_मेबी_डीएमए_पिन्ड’ या नावातला ‘मेबी’ उगाच नाही. एखाद्या छोट्या पेजवर खरोखरच हजारावर साधे रेफरन्स असतील तर ते पिन नसतानाही पिन केल्यासारखं दिसतं. कर्नलवाल्यांनी ही चूक जाणून स्वीकारली आहे, कारण पिन नसताना ‘आहे’ म्हटलं तर फार तर एखादी जादा कॉपी होते. पिन असताना ‘नाही’ म्हटलं तर डेटा जातो.

दिशेचा गोंधळ इथेच होतो. ‘फोल_राइट’ हा फ्लॅग मेमरीच्या बाजूने वाचायचा. डिस्कवरून रीड करताना डिव्हाइस मेमरीत लिहितं, म्हणून रीडला ‘फोल_राइट’ लागतो आणि राइटला लागत नाही. उलटं केलंत तर कॉपी-ऑन-राइट (लिहायची वेळ आली की वेगळी कॉपी) न तुटलेलं, दुसऱ्यांशी वाटून घेतलेलं पेज तुमच्या डिव्हाइससमोर जाईल.

राहिला ‘फोल_लाँगटर्म’. एका आयओपुरती घेतलेली पिन म्हणजे रोजंदारीवरचा मजूर, संध्याकाळी हिशेब चुकता. लाँगटर्म म्हणजे आखाजीला ठरवलेला सालदार. तो वर्षभर शेतावर राहणार, तेव्हा त्याला कुठे राहायला द्यायचं ते आधी बघावं लागतं. कर्नलही तेच करतं. पेज सीएमए किंवा झोन_मूव्हेबलमध्ये असेल तर आधी तिथून दुसरीकडे हलवतं आणि मग पिन करतं, कारण त्या जागा नंतर रिकाम्या करून द्याव्या लागतात. आयओ_युरिंगचे नोंदवलेले बफर आणि आरडीएमए (नेटवर्कवरून थेट मेमरीत देवाणघेवाण) ही याची नेहमीची गिऱ्हाइकं. एफएस-डॅक्सवरच्या (फाइल थेट पर्सिस्टंट मेमरीत असलेल्या) पेजला लाँगटर्म पिन मिळत नाही. ६.५ पासून, डर्टीचा हिशेब ठेवणाऱ्या फाइलसिस्टिमच्या शेअर्ड मॅपिंगवर लिहिण्यासाठीची लाँगटर्म पिनही नाकारली जाते. ह्यूजटीएलबी (मोठी पेजेस) आणि शमेम (शेअर्ड मेमरी) यांना सूट आहे. शिवाय मेमलॉकच्या (प्रोसेस किती मेमरी अडकवून ठेवू शकते त्याच्या) मर्यादेत या पेजेसची नोंद करणं ही बोलावणाऱ्याची जबाबदारी, पिनचं फंक्शन ती तुमच्यासाठी करत नाही.

पायरी ३ : अर्धवट यश सांभाळा

माझ्या पाहण्यात रेफरन्सचे सर्वाधिक बग एरर पाथमध्ये सापडतात, कारण तो पाथ कुणी चालवूनच पाहत नाही. पेजच्या सुरुवातीपासून ५१२ बाइट आत सुरू होणारा १६ केबीचा बफर घ्या. भाबडं गणित म्हणतं चार पेजेस. पण ५१२ आणि १६३८४ मिळून १६८९६ होतात, म्हणजे चार पेजेस भरून पाचव्यात पाय जातो. पाच पेजेस मागायची. आता समजा युजरने पाचव्या पेजचं मॅपिंग आधीच काढून टाकलंय. ‘पिन_युजर_पेजेस_फास्ट’ इथे एरर देत नाही, ४ देतं. एकही मिळालं नाही तर ऋण एरर. खालच्या तुकड्यात नावं मराठी केली आहेत, आकार खऱ्या कोडचाच आहे :

```
मिळाले = पिन_युजर_पेजेस_फास्ट(पत्ता, हवेत, फोल_राइट, पेजेस);
जर (मिळाले < ०)
        परत मिळाले;
जर (मिळाले < हवेत) {
        अनपिन_युजर_पेजेस(पेजेस, मिळाले);
        परत -ईफॉल्ट;
}
```

दोन जागा बघा. पहिल्या ‘जर’मध्ये काहीही सोडायचं नाही, कारण काही घेतलेलंच नाही. दुसऱ्यात ‘मिळाले’ इतकीच सोडायची, ‘हवेत’ इतकी नाहीत. ‘हवेत’ लिहिलंत तर पाचव्या खान्यातला कचरा पॉइंटर अनपिन होईल. ‘मिळाले’ हा व्हेरिएबल चिन्हासह असायला हवा. तो अनसाइन्ड ठेवला की पहिला ‘जर’ कधीच खरा होत नाही.

यात जे मिळालं तेवढ्यावरच आयओ करणं हाही रास्त पर्याय आहे. डायरेक्ट आयओत ‘बायो_आयओव्ही_इटर_गेट_पेजेस’ तेच करतं : मिळालेला तुकडा लॉजिकल ब्लॉकच्या मापात बसवतं, उरलेली शेपटी सोडून देतं आणि पुढचं पुढच्या बायोत घालतं. तुमच्याकडे हे तयार फंक्शन वापरण्याजोगी जागा असेल तर स्वतःचं लिहू नका.

पायरी ४ : बायोमध्ये घालताना

‘बायो_अॅड_पेज’ रेफरन्स घेत नाही. बायो हा नुसता पत्त्यांचा कागद आहे, पेज जिवंत ठेवायचं काम तो करत नाही. अपवाद युजरच्या पेजेसचा. ‘बायो_आयओव्ही_इटर_गेट_पेजेस’ने भरलेल्या बायोवर ‘बायो_पेज_पिन्ड’ हा फ्लॅग लागतो आणि शेवटी ‘बायो_रिलीज_पेजेस’ तो फ्लॅग बघूनच अनपिन करतं. फ्लॅग नसेल तर ते काहीच करत नाही. त्यामुळे लूप डिव्हाइससारख्या कर्नलच्या आतल्या आयओलाही तेच फंक्शन चालतं.

क्लोन झालेला किंवा तुकडे पडलेला बायो मूळ बायोचंच व्हेक्टरचं टेबल वापरतो. क्लोनच्या नावावर एकही पिन नसते आणि हा फ्लॅग त्याच्याकडे जात नाही. डिव्हाइस मॅपरचं (खऱ्या डिस्कवर आभासी डिस्क रचणाऱ्या थराचं) टार्गेट लिहीत असाल तर क्लोनच्या एंड_आयओमध्ये पेज सोडण्याच्या भानगडीत पडू नका, मूळ बायोचा मालक बघून घेईल. तुमची जबाबदारी एवढीच की सगळे क्लोन संपल्याशिवाय मूळ बायो संपू द्यायचा नाही.

एंड_आयओमध्ये पेजेसवरून फिरायचं असेल तर ‘बायो_फॉर_ईच_सेगमेंट’ वापरू नका. आयओ पूर्ण झाल्यावर बायोचा इटरेटर शेवटाला पोचलेला असतो, लूप शून्य वेळा फिरतो आणि तुमची पेजेस तशीच राहतात. नावाच्या शेवटी ‘_ऑल’ असलेले प्रकार याच कामासाठी आहेत, आणि तेही फक्त बायोच्या मालकानेच वापरायचे. ५.१ पासून एका व्हेक्टरमध्ये अनेक सलग पेजेस असू शकतात, तेव्हा व्हेक्टरची संख्या म्हणजे पेजेसची संख्या असं धरणारा जुना कोड दिसला तर तिथे थांबून नीट वाचा.

रीडच्या वेळी डर्टी करायला विसरू नका. डिव्हाइसने डीएमएने लिहिलेलं पेज टेबलला कळत नाही. डर्टी न करता सोडलं तर रिक्लेम ते पेज ‘स्वच्छ’ समजून टाकून देऊ शकतो आणि नुकताच वाचलेला डेटा गडप. ‘अनपिन_युजर_पेजेस_डर्टी_लॉक’ दोन्ही एकदम करतं, पण ते लॉक घेतं, म्हणजे झोपू शकतं, आणि बायोचं एंड_आयओ बऱ्याचदा इंटरप्टमध्ये चालतं. डायरेक्ट आयओचा कोड हा पेच असा सोडवतो : पाठवण्याआधी ‘बायो_सेट_पेजेस_डर्टी’ करतो, संपल्यावर ‘बायो_चेक_पेजेस_डर्टी’ करतो. सगळी पेजेस अजून डर्टी असतील तर तिथेच सोडतो. मधल्या काळात कुणी एखादं स्वच्छ केलं असेल तर अख्खा बायो वर्कक्यूकडे ढकलतो आणि तिथे निवांत लॉक घेऊन पुन्हा डर्टी करतो.

पायरी ५ : काउंट बरोबर, तरी डेटा का बदलला?

धुळ्याच्या एका ज्युनिअरने मला विचारलं होतं, ‘भो, पेज तर माझ्याच हातात होतं, मग मजकूर कुणी बदलला?’ प्रश्न अगदी मोक्याचा आहे. त्याची तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही वेगळी.

पहिलं फोर्कचं. प्रोसेसने ओ_डायरेक्टने रीड लावलं, डिव्हाइस अजून लिहितंय, तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने फोर्क केलं. फोर्कमध्ये पेज कॉपी होत नाही, दोघांना फक्त वाचण्यापुरतं दिलं जातं. मग पालकाने त्या पेजवर कुठेतरी एक बाइट लिहिला. कॉपी-ऑन-राइट झालं, पालकाला नवं पेज मिळालं, आणि डिव्हाइस मात्र जुन्यावरच लिहीत राहिलं, जे आता मुलाकडे आहे. काउंट दोन्हीकडे बिनचूक. पालकाच्या बफरमध्ये मात्र अर्धा जुना मजकूर. साध्या रेफरन्सने हे थांबवता येत नाही. पिन दिसली तर फोर्क त्याच वेळी मुलासाठी वेगळी कॉपी काढून ठेवतो आणि पालकाचं पेज पालकाकडेच राहतं. याच घराण्यातली उलट बाजू, म्हणजे रेफरन्स धरून ठेवून दुसऱ्या प्रोसेसने नंतर लिहिलेलं वाचणं, ही सुरक्षेची भानगड सीव्हीई-२०२०-२९३७४ म्हणून नोंदली गेली. ५.१९ मध्ये, २०२२ साली, ‘अॅनॉन_एक्स्क्लुझिव्ह’ हा पेजफ्लॅग आला तेव्हा कुठे अॅनॉनिमस पेजेसचं हे प्रकरण ठाकठीक झालं.

दुसरं फाइलच्या पेजचं. युजरचा बफर हाच एखाद्या फाइलचं शेअर्ड मॅपिंग असेल तर काय होतं ते क्रमाने बघा. तुम्ही पेज घेतलं, फाइलसिस्टिमला पेज डर्टी होणार असल्याची वर्दी गेली, तिने ब्लॉक राखून ठेवले. डिव्हाइस लिहू लागलं. तेवढ्यात राइटबॅक आला, त्याने पेज टेबलमध्ये लिहिण्याची परवानगी काढली, पेज डिस्कवर पाठवलं आणि स्वच्छ म्हणून नोंदवलं. फाइलसिस्टिमच्या मते आता या पेजवर लिहिण्याआधी कुणीतरी पुन्हा वर्दी देईल. पण डिव्हाइस पेज टेबल बघतच नाही, ते लिहीतच राहतं. शेवटी तुम्ही पेज डर्टी केलं आणि फाइलसिस्टिमपुढे न सांगता डर्टी झालेलं पेज आलं. ईएक्सटी४ सारख्या फाइलसिस्टिम यावर कोसळल्याच्या तक्रारींतूनच पिनचा स्वतंत्र एपीआय करायची गरज पुढे आली. पिनमुळे असं पेज ओळखता तरी येतं, पण गोष्ट पूर्ण मिटलेली नाही. फाइलवरच्या लाँगटर्म पिनला दारातच अडवतात ते म्हणूनच.

तिसरं उत्तर साधं : युजरनेच बदलला. ओ_डायरेक्टने राइट चालू असताना त्या प्रोसेसला तो बफर खुला असतो. पिन त्याचा हात धरत नाही. चेकसम काढून झाल्यावर आणि डीएमए होण्याआधी एक बाइट बदलला की बीटीआरएफएसमध्ये २०२५ पर्यंत चेकसम जुळत नसे, आणि मिररवाल्या रेडमध्ये दोन डिस्कवर दोन वेगळे मजकूर बसतात. पेज कॅशमधून जाणाऱ्या राइटला ‘स्टेबल राइट्स’ची सोय आहे : डिव्हाइसने तसं सांगितलं असेल तर राइटबॅक संपेपर्यंत लिहिणाऱ्याला थांबवलं जातं. डायरेक्ट आयओला तशी सोय गृहीत धरू नका. मजकूर गोठवायचाच असेल तर स्वतःच्या पेजमध्ये कॉपी काढा. कॉपीने वेग जातो म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ४ केबीची कॉपी आणि त्याच ४ केबीचा चेकसम यांचा वेळ आपल्या मशीनवर मोजून बघावा, मग बोलावं.

पायरी ६ : लॉकशिवाय पेज शोधताना

पेज कॅशमधला शोध आरसीयू या पद्धतीखाली, लॉक न घेता होतो. सापडलेला पॉइंटर हातात येईपर्यंत ते पेज मोकळं होऊन दुसऱ्या कामाला लागलेलं असू शकतं. म्हणून इथे ‘फोलिओ_गेट’ चालत नाही, ‘फोलिओ_ट्राय_गेट’ लागतं. काउंट शून्य असेल तर ते वाढवत नाही, ‘नाही’ म्हणतं. मिळाला तरी काम संपत नाही. त्याच जागी अजून तोच फोलिओ आहे का हे पुन्हा बघायचं, नसेल तर सोडून पहिल्यापासून शोधायचं. लॉक घेतल्यावर फोलिओचं ‘मॅपिंग’ तेच आहे का हेही तपासायचं, कारण मधे ट्रंकेट झालं असेल तर पेज तुमच्या हातात जिवंत आहे, पण फाइलचं उरलेलं नाही. ‘फाइलमॅप_गेट_फोलिओ’ आणि ‘फाइलमॅप_लॉक_फोलिओ’सारखी तयार फंक्शन्स असताना हे हाताने लिहायची वेळ क्वचित येते, पण रिव्ह्यू करताना नजर इथेच ठेवा.

रिक्लेमची बाजूही जाता जाता. तो ‘फोलिओ_रेफ_फ्रीझ’ने अपेक्षित काउंट जुळतो का बघतो आणि जुळला तरच शून्य करून पेज काढतो. तुमचा एक विसरलेला रेफरन्स असेल तर जुळणी कधीच होत नाही. मायग्रेशनचंही तसंच, ते ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणत राहतं. सीएमएचं अॅलोकेशन अधूनमधून फसू लागलं तर मेमरी कमी आहे असं ठरवण्याआधी कुठे पिन राहिली आहे का ते बघा.

पायरी ७ : पेज नेटवर्कवर जात असेल तर

टीसीपीवरचं एनव्हीएमई किंवा आयस्कझी लिहिणाऱ्यांसाठी हे. कॉपी न करता पाठवलेलं पेज सॉकेट बफर स्वतःच्या रेफरन्सने धरून ठेवतो, आणि समोरून पोच येईपर्यंत सोडत नाही, कारण पुन्हा पाठवायची वेळ येऊ शकते. म्हणजे ‘पाठवून झालं’ आणि ‘पेज मोकळं झालं’ या दोन वेगळ्या घटना आहेत. स्लॅबचं पेज असं पाठवलं तर पहिल्या पायरीतलाच गोंधळ होतो, म्हणून ‘सेंडपेज_ओके’ आहे. पेज स्लॅबचं असेल किंवा काउंट शून्य असेल तर ते नकार देतं. नकार आला की कॉपी करून पाठवा, वाद घालू नका.

पायरी ८ : गळती शोधा

सगळ्यात स्वस्त तपासणी प्रॉक फाइलसिस्टिममधल्या ‘व्हीएमस्टॅट’ फाइलमध्ये आहे. ‘एनआर_फोल_पिन_अॅक्वायर्ड’ आणि ‘एनआर_फोल_पिन_रिलीज्ड’ हे दोन आकडे टेस्टआधी टिपून घ्या. मग ‘फिओ’ या भार टाकणाऱ्या साधनाला ‘डायरेक्ट=१’ देऊन तुमच्या डिव्हाइसवर रीड, राइट आणि मिश्र भार टाका, थांबवा, आणि पुन्हा बघा. मशीन शांत असताना दोन्हींतली वाढ सारखी हवी. अॅक्वायर्ड पुढे असेल तर गळती आहे. मात्र हा फरक एखाद्या चालू आयओ_युरिंग प्रोग्रॅमच्या नोंदवलेल्या बफरमुळेही दिसतो, म्हणून टेस्टचे प्रोग्रॅम बंद करूनच मोजा. साधे ‘गेट’ यात येत नाहीत.

नुसत्या यशस्वी आयओवर हे मोजून उपयोग नाही. एरर मुद्दाम पेरा. ‘एससीएसआय_डीबग’ला ठराविक अंतराने एरर द्यायला सांगता येतं, डिव्हाइस मॅपरचं ‘फ्लेकी’ टार्गेट आहे, आणि पायरी ३ मधला अर्धवट बफर तर दहा ओळींच्या प्रोग्रॅमने तयार होतो : पाच पेजेसचं एमएमॅप करायचं, शेवटच्याचं एमअनमॅप करायचं, आणि पूर्ण लांबीचा ओ_डायरेक्ट रीड लावायचा. हेच आयओ चालू असताना प्रोसेसला किल करूनही बघा.

गळती आहे एवढं कळलं आणि कुठे ते कळलं नाही, तर पेज_ओनरची फाइल डीबगएफएसमधून काढा. प्रत्येक पेज कुणी अॅलोकेट केलं त्याचा स्टॅक तिथे असतो. युजरच्या पेजेससाठी तो स्टॅक पेज फॉल्टचाच निघतो, त्यातून तुमचा ड्रायव्हर सापडत नाही. तेव्हा डीबग_पेज_रेफचे ट्रेसपॉइंट चालू करा, ‘पेज_रेफ_मॉड’ आणि ‘पेज_रेफ_मॉड_अँड_टेस्ट’. संशयित पेजच्या पीएफएनवर (फ्रेम क्रमांकावर) फिल्टर लावा, नाहीतर लॉगचा पूर येईल. बदल १०२४ च्या पटीत असेल तर पिन (फास्टच्या वाटेवर वाढ १ आणि १०२३ अशी दोन तुकड्यांत दिसते), नुसता १ चा असेल तर साधा रेफरन्स. १०२४ ची एक वाढ आणि तिच्यासमोर १ ची घट अशी जोडी दिसली की स्टॅक ट्रेस चालू करून त्या घटीची ओळ उघडा, ‘पुट_पेज’ तिथेच असेल.

‘बॅड पेज स्टेट’ आलं तर त्याच्याखाली पेजचा डंप असतो. तिथे प्रोसेसचं नाव सोडून द्या, ती बिचारी शेवटची हात लावणारी. रेफकाउंट ऋण हजाराच्या आसपास असेल तर पायरी २ मधली उलटी अदलाबदल. ऋण १ असेल तर कुणीतरी दोनदा सोडलंय, आणि बहुतेक वेळा त्यातलं एक सोडणं एरर पाथमध्ये आणि दुसरं एंड_आयओमध्ये असतं. मॅपिंग रिकामं नसेल तर पेज कॅशमध्ये असतानाच ते मोकळं केलं गेलंय. केसॅन चालू असताना हाच प्रसंग पुन्हा घडवला तर पुष्कळदा आधी सोडणाऱ्याचा स्टॅकही सोबत मिळतो. पॅचच्या वर्णनात तो स्टॅक, आधीचे आणि नंतरचे व्हीएमस्टॅटचे दोन्ही आकडे आणि पेरलेली एरर कोणती होती हे लिहा. रिव्ह्यू करणारा पहिल्यांदा तेच मागतो.